पाकिटाची मागची बाजू

२ नोव्हेंबर, रविवार

आज मिरचीचं एक फूल कळीपासून पूर्ण उमलेपर्यंत पाहिलं. धावड्याला, जाळीखाली, कॅरेट उपडं टाकून त्यावर बसून.

लोक म्हणतात फूल उमलतं. तसं नाही. ते आधी सैल होतं. पाकळ्यांची टोकं एकमेकांना सोडायला तयार नसतात. मग एक सुटते, आणि बाकीच्यांना जणू परवानगी मिळते. मिरचीचं फूल पांढरं आणि मान खाली घातलेलं, त्यामुळे ते खालून बघावं लागतं. मी मान वाकडी करून भिंग वर धरलं. आत तिळाएवढे निळसर परागकोष. ऊन जाळीतून उतरलं, फूल जरा तापलं, आणि त्यातला एक कोष उभा चिरला. आवाज झाला नाही. व्हायला हवा होता असं वाटलं. आतून चिमूटभरसुद्धा नाही अशी फिकट धूळ. पुढच्या वर्षीचं अख्खं झाड त्या धुळीत. मला उठवेना.

मागून पुंजाराम म्हणाले, “दाजी, पाय झोपले असतील तुमचे. का तुम्हीच झोपून राह्यले?”

पुंजाराम म्हणजे वंदनाचे थोरले भाऊ. जाळी त्यांच्या रानात आहे, आतली मिरची माझी. बायकोचं गाव असल्यामुळे अख्खं धावडा मला दाजी म्हणतं, शाळेतली पोरंसुद्धा.

मिरचीची हकीकत एकदा नीट लिहून ठेवतो. ज्या वर्षी कोकडा रोगाने इकडची मिरची बसवली, पानं वाटीसारखी आखडली, त्या वर्षी पुंजारामांच्या बांधावर आपोआप उगवलेलं एक झाड सरळ उभं होतं. त्याची पानं सपाट होती. आजूबाजूला सगळी आजारी आणि हे एकटं ताठ. मी त्याच्यासमोर किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. तेव्हापासून त्याचं बी धरतो आहे. फुलांवर मलमलीच्या पिशव्या बांधून, दुसऱ्याचा पराग लागू न देता. ही सातवी पिढी.

मी बियाणे कंपनीत विक्री बघतो. जालना जिल्हा माझ्याकडे. कृषीची पदवी नाही. बारावीनंतर जे शिकलो ते पुस्तकं विकत घेऊन आणि दुसऱ्यांच्या शेतात उभं राहून. पदवीवाले मला विचारायला येतात, हे इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठे लिहिता येत नाही.

ठरलं. जानेवारीत नोकरी सोडायची आणि फक्त मिरची करायची. वंदनाला अजून बोललो नाही.

६ नोव्हेंबर

वाटूर. दुकानात वसंता नावाचा शेतकरी. टरबुजाचं बी दाखवलं तर हात मागे घेतला.

“साहेब, मागच्या साली टरबूज लावलं आन् हात पोळले. यंदा बिलकुल न्हाई.”

“नका लावू,” मी म्हणालो. “मी कुठे घ्या म्हणतोय? फक्त नाव वाचा.”

“गावजेवण. हे काय नाव झालं?”

“एक फोडलं की गाव जेवतं.”

तो हसला. दुकानदारही हसला. हे नाव मीच ठेवलं आहे. कंपनीच्या भेंडीला ‘सूनबाई’ म्हणतात, तेही माझंच. ‘दोन सूनबाई द्या’ म्हणताना शेतकऱ्याला रोज हसू येतं आणि हसलेला माणूस परत येतो. कारल्याला ‘सवत’ सुचवलं होतं. पुण्याच्या ऑफिसने नाकारलं. त्यांचं नुकसान.

मग जे होतं ते झालं. वसंताने पाकीट हातात घेतलं आणि उलटं केलं. मागे बारीक अक्षरात उगवणशक्ती, लॉट नंबर असं काहीबाही असतं. ते कोणी वाचत नाही. डोळे तिथे असतात, माणूस तिथे नसतो. खालचा ओठ थोडा आत जातो. हो म्हणण्याआधी प्रत्येक जण हेच करतो, शिकलेला असो की अडाणी, आणि ते आपण करतो आहोत हे त्याला माहीत नसतं. त्या क्षणी दुकानात काहीतरी हलतं. नाहीचा माणूस होचा होतो आणि तो कुठल्या वाटेने गेला ते मला एवढ्या वर्षांत दिसलं नाही. दरवेळी माझ्या अंगावर काटा येतो. आजही आला.

हे व्यसन आहे. मला ते समजतं, म्हणून मी सुटू शकतो. बाकीच्यांना समजत नाही.

१९ नोव्हेंबर

शीतल मॅडमचा फोन. त्या पुण्याला असतात, आमच्या विभागाच्या प्रमुख, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. म्हणाल्या, “धर्मराजजी, एप्रिलपासून पूर्ण मराठवाडा तुमच्याकडे देण्याचा विचार आहे. दहा जानेवारीपर्यंत सांगा. आणि अजून एक, नवीन मिरची येतेय. कोकडा सहन करणारी, असं ब्रोशरमध्ये आहे. नाव द्या ना.”

“भेंडी सूनबाई आहे ना?”

“हो.”

“मग मिरची सासूबाई.”

मॅडम इतक्या हसल्या की फोन कोणाकडे तरी देऊन परत घेतला. चहा थंड होण्याआधी नाव झालं. आता ते छापलं जाईल आणि किनवटपासून कन्नडपर्यंत लोक म्हणतील.

पगाराचं त्या बोलल्या. मी ऐकून घेतलं. मी पगारासाठी थांबलेला माणूस नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

धावडा. फळं लागली आहेत. पहिली मिरची लाल होताना देठाकडून होत नाही. मधूनच एक पट्टा तपकिरी पडतो आणि वाटतं सडली. दोन दिवसांनी पाहावं तर तोच पट्टा लालभडक. झाड आधी घाबरवतं. मी अजून घाबरतो.

पुष्पावहिनी, पुंजारामांच्या घरच्या, पिशव्या सोडत होत्या. विचारलं, “दाजी, हिचं नाव काय ठेवलं?”

“अजून नाही ठेवलं.”

“अगंबाई! सगळ्या महाराष्ट्राचं बारसं तुम्ही करता, आन् घरचीच बिननावाची?”

परत येताना भोकरदनपर्यंत विचार केला. जे सुचलं ते सगळं पाकिटावर शोभेल असं होतं. प्रत्येक नावासोबत समोरचा माणूस दिसायचा, त्याचं हसू दिसायचं, पाकीट उलटं करणारा हात दिसायचा. झाड दिसेना. त्या बांधावरच्या ताठ उभ्या झाडाला काय म्हणायचं? मी त्याला काही म्हणू शकत नाही. असं मला पूर्वी कधी झालं नव्हतं.

१२ डिसेंबर

मस्तगडला राधेश्यामकडे चहा. तो आणि मी एकाच हंगामात कंपनीला लागलो. त्याच्याकडे आता बुलढाणा आणि वाशीम. एके काळी तो भजनात पेटी फार सुंदर वाजवायचा. पेटी अजून कपाटावर आहे, कापडात गुंडाळलेली, कापड इस्त्रीचं.

मी सरळ विचारलं, “तू का नाही सोडत रे?”

“सोडून काय करू?”

“पेटी वाजव.”

“पेटी कोणाला नाही म्हणत नाही ना, भाऊ.” तो बिस्कीट बुडवत होता. “सूर दाबला की वाजते. त्यात काय मजा? मला समोर नाही म्हणणारा माणूस लागतो. सकाळी कोणी नाही म्हटलं की मला भूक लागते. सुट्टीच्या दिवशी बायको म्हणते, तुम्ही भाजीवाल्याशी इतकं का बोलून राह्यले? आपल्याला घ्यायची तर मेथी आहे.”

मग म्हणाला, “तू सोडशील असं वाटत नाही.”

“का?”

“तू त्या वसंताची गोष्ट मला तिसऱ्यांदा सांगून राह्यला.”

खोटं. दुसऱ्यांदा होती. आणि मी ती व्यसनाचं उदाहरण म्हणून सांगितली होती.

राधेश्यामची दया आली. त्याला बाहेर पडायची वाट नाही, कारण त्याला पेटीचं आश्चर्य वाटायचं थांबलं आहे. माझं तसं नाही.

२१ डिसेंबर

वंदनाला सांगितलं. सगळी तयारी करून बसलो होतो. ती म्हणेल मुलीचं, अर्पिताचं, शिक्षण, तर त्याचं उत्तर. ती म्हणेल लोक काय म्हणतील, तर त्याचंही. मी सुरुवात फार चांगली केली, झाडापासून.

ती लसूण सोलत होती. म्हणाली, “सोडा ना.”

“म्हणजे?”

“म्हणजे सोडा. अर्पिताचं शेवटचं वर्ष आहे, माझी शाळेतली नोकरी आहे. होईल सगळं.”

“तुला विचार करायला वेळ हवा असेल तर...”

“मला नको. तुम्हाला हवा का?”

एवढंच. तिने पाकीट उलटं केलंच नाही. सरळ हो. माझे सगळे मुद्दे माझ्याजवळच राहिले. मी उगाच तिला अडचणी सांगत बसलो. पाणी, जाळीचं आयुष्य, बाजार. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “अहो, मी हो म्हटलंय. आता कोणाला पटवून राह्यले?”

माणसं किती आतून वेगळी असतात. इतकी वर्षं एका घरात राहून मला ही बाई असं उत्तर देईल हे माहीत नव्हतं.

४ जानेवारी, रविवार

हे सविस्तर लिहायचं आहे आणि सविस्तर कसं लिहावं ते कळत नाही.

पुंजारामांनी गावातले काही जण बोलावले होते. मिरची बघायला, आवडली तर बी न्यायला. राजानंद गुरुजीही आले होते. ते निवृत्त शिक्षक आहेत आणि आता पूर्ण वेळ शेती करतात. कोकड्याने त्यांची मिरची दोनदा गेली आहे. सगळे जाळीबाहेर उभे. मी समोर. मागे झाडं, वरपासून खालपर्यंत लाल.

तोंड उघडलं आणि काही आलं नाही.

पुष्पावहिनी म्हणाल्या, “बोला की. वाटूरला तर म्हणे दुकान बंद व्हायची वेळ झाली तरी तुमचं बोलणं संपत न्हाई.”

मी बोललो. म्हणालो, पहिला तोडा उशिरा येतो. फळ लांबीला कमी आहे, व्यापारी नाक मुरडेल. देठ घट्ट आहे, तोडणाऱ्या बाया कुरकुर करतील.

“आत्ताच करून राह्यल्या,” वहिनी म्हणाल्या.

एक जण म्हणाला, “दाजी, इकायला आले का आम्हाला हाकलायला?” सगळे हसले. मीही हसायला हवं होतं. हसणं ही माझी पहिली पायरी. पण मला झाडाकडे पाठ करून उभं राहवत नव्हतं. एखाद्या वडीलधाऱ्या माणसासमोर त्याच्याविषयी बोलावं तसं वाटत होतं.

गुरुजींनी विचारलं, “दाजी, बाकी सोडा. कोकडा येईल का हिच्यावर?”

आता खरं असं आहे. पहिल्या तीन पिढ्या उघड्यावर होत्या आणि टिकल्या. मग शुद्ध राहावी म्हणून मी जाळी घातली. जाळीत मधमाशी शिरत नाही, पण कोकडा पसरवणारी पांढरी माशीही शिरत नाही. चार पिढ्या मी तिला इतकी जपली की तिची परीक्षाच झाली नाही. हे मला त्या क्षणी, गुरुजींच्या तोंडाकडे बघताना कळलं. आधी कळायला हवं होतं. मी इतकं बारीक बघणारा माणूस.

म्हणालो, “मला माहीत नाही.”

हे तीन शब्द मी गिऱ्हाईकासमोर कधी उच्चारले असतील असं आठवत नाही. कुठेतरी मोटर चालू होती, तिचा आवाज यायला लागला.

गुरुजींनी हात पुढे करून एक लाल मिरची तोडली. तळहातावर घेतली. आणि उलटी करून तिची मागची बाजू बघितली.

मिरचीला मागची बाजू नसते.

“मंग द्या मला,” ते म्हणाले.

“गुरुजी, मी सांगतोय ना, माहीत नाही म्हणून.”

“म्हणूनच द्या. माहीत असलेले लई जण येऊन गेले. न्हाई माहीत म्हणणारा आज पाह्यला. मी उघड्यावर लावतो, मंग दोघांनाबी कळंल.”

त्यानंतर सगळ्यांनीच मागितलं. पाकिटं नव्हती. कोणी रुमालाच्या गाठीत, कोणी पदरात, एकाने मोबाइलच्या कव्हरमागे. मी वाळवलेलं बी चिमटीने देत होतो.

“लोकाला नाव काय सांगायचं?” कोणीतरी विचारलं.

“सायबाची म्हणा,” दुसरा म्हणाला.

पुंजाराम म्हणाले, “साहेब नोकरी सोडून राह्यले या महिन्यात. मंग कुठला साहेब?”

“मंग दाजीची!”

हशा. दाजीची मिरची. अख्ख्या गावाला आपण सगळे मेहुणे असल्याचा आनंद झाला. झालं बारसं. मी एक शब्द बोललो नाही.

घरी येताना गाडी हळू चालवली. आजवर जो हो पाहिला तो मी आणलेला होता. आजचा कुठून आला ते मला माहीत नाही. मी तो मागितला नव्हता, उलट अडवत होतो. असं काही जगात आहे, आणि ते मला या वयात दिसलं.

आता सोडायला काहीच हरकत नाही.

१० जानेवारी

नोंद अचूक करतो.

सकाळी आंघोळ करून, चहा घेऊन, फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलेलं होतं. लांबण नको, कारणं नकोत, एक स्वच्छ वाक्य. शब्द निवडण्यात मी कोणाला ऐकत नाही.

शीतल मॅडम म्हणाल्या, “बोला धर्मराजजी, काय ठरलं?”

मी म्हणालो, “मॅडम, खूप विचार केला. मी थांबतो.”

“अरे वा!” त्या जवळजवळ ओरडल्या. “काय टेन्शन दिलंत मला! राधेश्यामजी म्हणाले होते की तुम्ही सोडायच्या विचारात आहात. थांबताय ना? मस्त. मी लगेच वर कळवते.”

मला म्हणायचं होतं, आता बस, इथून पुढे नाही. थांबतो. त्यांनी ऐकलं, कुठेही जात नाही. थांबतो. मराठीत दोन्हीला एकच शब्द. सूनबाई, सासूबाई, गावजेवण या सगळ्यांचं बारसं करणाऱ्या माणसाने हा शब्द निवडला.

दुरुस्त करायला वेळ होता. मॅडम बोलत होत्या, मधे श्वास घेत होत्या. लातूर, नांदेड, परभणी म्हणत होत्या. प्रत्येक नावाबरोबर मला दुकानं दिसत होती, अजून मला न पाहिलेले आणि मला नाही म्हणणारे लोक दिसत होते. वंदना समोर उभी होती. तिने माझ्या हाताकडे पाहिलं म्हणून मीही पाहिलं.

मी चहाची बशी उलटी करून तिची मागची बाजू बघत होतो. खालचा ओठ आत गेलेला होता.

म्हणजे आतून असं वाटतं तर. वाट कुठली ते आतूनही दिसत नाही. मी तिकडे पोचलेलो होतो, एवढंच.

म्हणालो, “हो मॅडम.”

वंदनाने हातातली बशी काढून घेतली. संध्याकाळी तिने सांगितलं की दोन शर्ट शिंप्याकडे टाकले आहेत, मराठवाडा फिरायचा तर लागतील. कधी टाकले, विचारलं. म्हणाली, डिसेंबरात.

कारण असं की मिरचीला उघड्यावरच्या निदान दोन हंगामांची परीक्षा हवी. तोपर्यंत नोकरी असणं शास्त्रीयदृष्ट्या योग्यच आहे. हे मी वंदनालाही सांगितलं. ती म्हणाली, “बराबर.”

२५ जानेवारी, रविवार

सकाळी पुंजारामांचा फोन. “दाजी, दाजीची उगवली!”

लगेच निघालो. वाटेत त्यांना कसं सांगावं याचा विचार करत होतो. रानात पोचल्यावर सांगून टाकलं की मी नोकरीतच राहतोय.

ते जराही चकित झाले नाहीत. “बरं झालं. इथंच येऊन राह्यले असते तर घरजावई झाले असते. मंग मिरचीला काय म्हनलं असतं गावानं?”

गुरुजींच्या रानात गेलो. वाफा उघड्यावर, जाळी नाही, काही नाही. मी गुडघे टेकून खाली वाकलो. कोंब मान खाली घालूनच वर येतात. आधी पाठ निघते मातीतून, मग डोकं. काहींच्या डोक्यावर बियाचं टरफल टोपीसारखं अजून बसलेलं. एका रोपाच्या दोन पानांची टोकं त्या टोपीत अडकली होती. एक सुटत होतं. मी भिंग लावलं. श्वाससुद्धा बाजूला सोडला. वर मोकळं आभाळ, कुठून कुठली माशी येईल याचा नेम नाही, आणि हे चाललेलं.

तेवढ्यात फोन वाजला. वाटूरचा दुकानदार.

“साहेब, ते सासूबाई आलंय म्हणे. कोकडा येतो का त्यावर? लोक विचारून राह्यले.”

माझे डोळे त्या रोपावर होते. म्हणालो, “मला माहीत नाही.”

मोटर नव्हती, पण असती तर ऐकू आली असती. मग कागद फिरवल्यासारखा आवाज आला. ब्रोशर असावं.

“मंग पाठवा साहेब,” तो म्हणाला. “दोन पेट्या पाठवा.”

अंगावर काटा आला. मी ते खरं म्हणून बोललो होतो, की या तीन शब्दांनीही माल जातो हे मला आता माहीत झालं होतं म्हणून, हे मी अजून शोधतो आहे.

खाली पाहिलं तर पान सुटलेलं होतं. सुटताना पाहायचं राहून गेलं.